बाळंतविड्यातले दुपटे

श्रोतेहो, बल्लारपूर म्हटले की वर्धा नदीच्या काठचा जुना किल्ला डोळ्यांपुढे येतो. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाहाने येथून राजधानी चंद्रपूरला नेली, अशी परंपरागत कथा आपल्या शाळांतली मुलेदेखील सांगतात. किल्ला दगडाचा, म्हणून त्याचा इतिहास राहिला. पण याच मुलखात घरोघरच्या बायका सुईदोऱ्याने जे काम करीत आल्या, त्याची नोंद कोणी ठेवली? मी बोलतो आहे ते तान्ह्या बाळाच्या दुपट्याविषयी, म्हणजेच इवल्याशा गोधडीविषयी.

बाळ जन्मले की आप्त आणि मैत्रिणी बाळंतविडा नेतात. त्यात झबले, टोपडे, कुंची आणि दुपटे. दुपटे म्हणजे दोन पदरांचे. जाड हवे तर चार घड्यांची चौघडी. कापड मात्र जुने हवे. दुकानातले कोरे कापड कोणी काढले, की घरची म्हातारी म्हणणार, "बाई, नवं बोचते लेकराले. माहं जुनं लुगडं घे." यात कंजूषपणा नाही. शंभरदा धुतलेले सुती लुगडे लोण्यासारखे मऊ होते, आणि ओलही चटकन टिपते. ते उकळून, उन्हात वाळवून घ्यायचे. जमिनीवर ताणून पसरायचे, आधी लांब कच्चे टाके घालायचे, मग कडेपासून आत बारीक धावदोरा. गाठ आत दडवायची, बाळाला टोचू नये म्हणून.

या कामामागे गरजही होती. हातमागावर विणलेले कापड सहज मिळत नसे. 1877 साली नागपूरला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे गिरणीचे कापड खेड्यापाड्यांत पोचले, तरीही जुने कापड फेकण्याची रीत पडली नाही. लुगडे विरले की त्याची गोधडी, गोधडी विरली की पोतेरे.

बल्लारपुरात या कामाला आणखी एक अर्थ आला. येथे कोळशाची खाण निघाली. 1929 मध्ये काझीपेठ–बल्हारशाह लोहमार्ग पुरा होऊन दिल्ली–मद्रास थेट जोडले गेले. 1945 मध्ये कागद गिरणीची कंपनी निघाली. कामासाठी तेलंगणातून, छत्तीसगडातून माणसे आली. 1960 नंतरच्या वर्षांत पूर्व बंगालचे निर्वासितही या जंगलमुलखात वसले. त्यांच्या कितीतरी वस्त्या 1982 साली वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात आहेत. आता गंमत पाहा. आपण जिला गोधडी किंवा वाकळ म्हणतो, तिला तेलुगू बाई बोंत म्हणते, छत्तीसगडी बाई कथरी, आणि बंगाली बाई काँथा. संस्कृतात शब्द आहे कंथा. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात ती विरक्ताच्या अंगावर दिसते. आपल्याकडे ती पाळण्यात आली.

माहेर दूर राहिलेल्या बाळंतिणीला शेजारणीने दुपटे शिवून दिले, तर ती नुसती भेट नव्हे. तुझ्या लेकराच्या अंगावर माझे लुगडे चालेल ना, असे ती विचारते. आणि घेणारी ते घेते. जेथे माणसे जातीपातीने आणि भाषेने वेगळी बसत, तेथे हे घेणे लहान नव्हते. ते सगळीकडे घडले असे मी म्हणणार नाही. पण जेथे घडले, तेथे गाव वसले.

दुपटे बाळासंगे झिजते, दुसऱ्या-तिसऱ्या भावंडापर्यंत त्याच्या चिंध्या होतात. म्हणून ते संग्रहालयात सापडणार नाही. गुरुजनहो, आपण एवढे करावे: मुलांना घरी विचारून यायला सांगावे, "आजी, माझे दुपटे कोणी शिवले होते? कोणाच्या लुगड्याचे?" जे उत्तर मिळेल ते त्यांनी वहीत लिहावे. कागदाच्या या गावात निदान एवढा कागद त्या बायकांच्या नावे लागू द्या.