आधी धर्म नाकारा, मग लग्न करा

"हल्ली कुणीही कुणाशीही लग्न करतं," असं आपण बचत गटाच्या बैठकीत सहज बोलून जातो. पण २०१९-२० मध्ये प्यू या संशोधन संस्थेनं देशभरातल्या सुमारे ३०,००० माणसांना विचारलं, तेव्हा लग्न झालेल्या १०० पैकी ९९ जणांचा जोडीदार त्यांच्याच धर्माचा निघाला.

घरच्यांचा विरोध, जात, गावाची भीती ही कारणं आपल्याला ठाऊकच आहेत. पण कायद्याची वाटही फार काळ अडलेली होती.

बंगालमधल्या केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्मो मंडळींना आपल्या पद्धतीच्या लग्नाला कायद्याची मान्यता हवी होती. त्यातून १८७२ चा कायदा आला. नोंदणीची सोय झाली, पण अट विचित्र. वधू-वरांनी लिहून द्यायचं, की आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कोणताच धर्म मानत नाही! रोज देवापुढे दिवा लावणाऱ्या मुलीनं ख्रिस्ती मुलाशी लग्न करायचं, तर आधी या कागदावर सही. आमच्या मते हे सरकारनंच खोटं बोलायला लावणं झालं.

१९२३ मध्ये हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नानं हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपसात धर्म न नाकारता लग्नाची मुभा मिळाली. पण असं लग्न केलेला मुलगा एकत्र कुटुंबातून वेगळा धरला जाई, आणि तो एकुलता असेल तर बापाला दुसरा मुलगा दत्तक घेता येई. सुनेचं त्या घरात काय होत असेल, विचार करा. हिंदू-मुसलमान, हिंदू-ख्रिस्ती जोडप्यांना तर तीही मुभा नव्हती.

धर्म नाकारण्याची अट सगळ्यांसाठी गेली ती १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं. १ जानेवारी १९५५ पासून तो लागू झाला. म्हणजे ८० वर्षांहून जास्त काळ गेला. नव्या कायद्यात ३० दिवसांची नोटीस मात्र आहे. ती विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत लावतात. घरातून लपून आलेल्या मुलीचं नाव-पत्ता तिथं कुणीही वाचू शकतं.

या कायद्यानं लग्न केलेल्या हिंदू-मुसलमान किंवा हिंदू-ख्रिस्ती जोडप्याला वारसाहक्कासाठी भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. नवरा मृत्युपत्र न करता गेला आणि मुलं असतील, तर बायकोला एक तृतीयांश, बाकीचं मुलांना. तो हक्क सांगायला लग्नाचा दाखला लागतो. म्हणून तो शिधापत्रिकेसोबत जपून ठेवा, असं आम्ही गटात सांगतो.