ट्रिस्टनला जायचे तर

लुईस कॅरॉलचा धाकटा भाऊ एडविन डॉजसन १८८१ मध्ये पाद्री म्हणून ट्रिस्टन द कुन्याला पोहोचला आणि त्याचे जहाज किनाऱ्यावरच फुटले. बरेचसे सामान समुद्राने नेले. या बेटाला निघणाऱ्यांना याहून चांगला धडा कुठला?

केपटाउनहून सुमारे २,८०० किलोमीटरवर, दक्षिण अटलांटिकमध्ये हे बेट आहे. शिडाच्या काळात जहाजे पाणी आणि बटाट्यांसाठी इथे थांबत. मग वाफेवरची जहाजे आली, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि ही ये-जा आटली. बटाटा मात्र टिकला, इतका की १९४६ च्या एका स्थानिक टपाल तिकिटावर एक पेनी आणि चार बटाटे अशी दुहेरी किंमत छापली गेली!

विमानतळ आजही नाही. त्यामुळे प्रवासाची तयारी फारशी बदललेली नाही. आधी बेटाच्या कौन्सिलची परवानगी, मग मासेमारीच्या किंवा संशोधनाच्या जहाजावर जागा. साधारण आठवडाभराचा प्रवास, तोही वादळी पट्ट्यातून. मळमळीची गोळी जहाज हलण्याआधीच घेतलेली बरी. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात ठरत नाही. नेहमीची औषधे ठरलेल्या मुक्कामापेक्षा बरीच जास्त घ्यावीत आणि ती हाताशीच ठेवावीत. बुटांच्या तळव्यातली माती, बिया खरवडून काढाव्यात, कारण परके बी तिथल्या पक्षी-वनस्पतींच्या मुळावर येते.

बेटाचे कॅल्शॉट बंदर इवलेसे. मोठे जहाज बाहेरच नांगर टाकते, माणसे लहान होडीतून उतरतात. लाटा चढल्या की दिवसचे दिवस बेट नुसते पाहत बसायचे. म्हणून परतीची तारीख कुणाला छातीठोकपणे सांगू नये, लग्नाचे आमंत्रण असेल तर मुळीच नाही.