घाट, पाऊस आणि भरलेली सात सीटर: घरची गाडी कशी सांभाळावी

मुंबई, मुंब्रा, पनवेल, पुण्यातल्या आपल्या अनेक घरांसमोर आज एर्टिगा, इनोव्हा किंवा ईको उभी असते. आठवडाभर ती शाळा, मार्केट, स्टेशन करते आणि ईद, लग्न किंवा मय्यत असली की सगळ्या घराला घेऊन महाड, चिपळूण, श्रीवर्धन, रत्नागिरी गाठते. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२४ मध्ये ती १७ जूनला होती, २०२५ मध्ये ७ जूनला. म्हणजे गावाला निघायचा दिवस आणि पहिला पाऊस हल्ली जोडीनेच आले.

"आमची गाडी जास्त चालतच नाही, सर्व्हिसिंगची काय घाई?" असं बरेच जण म्हणतात. इथेच चूक होते. गाडीसोबत मिळणाऱ्या मॅन्युअलमध्ये देखभालीचे बहुधा दोन तक्ते असतात, एक साध्या वापराचा आणि एक कठीण वापराचा. सतत थांबत-चालत ट्रॅफिक, धूळ, जास्त वजन, डोंगरी रस्ता आणि दोन-चार किलोमीटरच्या छोट्या फेऱ्या, हे सगळं कठीण वापरात मोडतं. छोट्या फेरीत इंजिन नीट तापतच नाही, त्यामुळे ऑइलमधला ओलावा उडून जात नाही. ट्रॅफिकमध्ये मीटर पुढे सरकत नाही, पण इंजिन चालूच असतं. म्हणून इंजिन ऑइल आणि एअर फिल्टर किलोमीटरची वाट न पाहता लवकर बदलावेत. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधल्या दुसऱ्या तक्त्यात बघा, शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरवू नका.

आता ब्रेक. यावर जरा जास्त लिहितो, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी लग्नाच्या घाईत आम्ही कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरत होतो. गाडीत मुलांसकट दहा माणसं, वर कॅरियरवर सामान. अर्ध्या घाटात जळका वास आला आणि ब्रेक पॅडल मऊ पडून खाली जायला लागलं. मागे अम्मी आणि बहिणीची दोन मुलं झोपलेली. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, हळूहळू हँडब्रेक ओढत कशीबशी एका रुंद जागी गाडी थांबवली. नंतर कळलं, ब्रेक ऑइल चार वर्षं बदललंच नव्हतं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ प्रकारचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओलावा धरला की तीच मर्यादा १४० च्या आसपास येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात सतत ब्रेक दाबला की डिस्क आणि पॅड भयंकर तापतात, ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात, चाक दाबलं जात नाही. पॅड जाड असले, तरी याने ब्रेक जाऊ शकतो. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलून घ्या, आणि गॅरेजमध्ये फक्त टॉप-अप करून देत असतील तर ठामपणे नाही म्हणा. कुठला डॉट घालायचा ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवणारे काका प्रत्येक खानदानात एक तरी असतात, त्यांना प्रेमाने मागच्या सीटवर बसवा. जळका वास आला तर थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकापुढे दगड लावा आणि अर्धा तास निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते.

टायरची हवा निघण्याआधी, टायर थंड असताना भरावी. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर बहुतेक वेळा दोन आकडे असतात. सगळे बसणार असतील तर पूर्ण भाराचा आकडा घ्या. टायरच्या खाचांत छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिमीवर असतात. रबर तिथपर्यंत झिजलं की ओल्या रस्त्यावर टायर पाणी कापत नाही. स्टेपनीची हवाही बघा, ती कायम विसरली जाते. मागे वजन वाढलं की गाडीचं नाक वर होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्टीअरिंगजवळ त्यासाठी छोटी चकती असते, ती फिरवून प्रकाश खाली घ्या.

सीएनजी गाडीत सिलिंडर डिकी खातो, मग सामान छतावर जातं आणि वळणावर गाडी जास्त झुकते. छतावर गाद्या, कपडे ठेवा, तांदळाची पोती नकोत. चढावर सीएनजीत जोर कमी पडतो, तेव्हा पेट्रोलवर घ्या. त्यासाठी टाकीत पेट्रोल हवं. सिलिंडरची चाचणी दर ३ वर्षांनी लागते, तारीख गाडीतल्या प्लेटवर असते.

काटा लाल खुणेकडे गेला तर एसी बंद करून बाजूला थांबा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, आत कुकरसारखी दाबलेली वाफ असते. कुलंटच्या जागी वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरत राहिलात तर आतून गंज धरतो.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च हजारांतून लाखात जातो. ढकलून बाहेर काढा, टो करून गॅरेजला न्या. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा धरत नाहीत, इंजिनचं वेगळं कव्हर लागतं. पावसाळ्याआधी एजंटला हे एकदा विचाराच.

श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडून परत आलात की गाडी फक्त वरून चकाचक करू नका. खारी हवा आणि लाल चिखल खालच्या पत्र्याला खातो. वॉशिंग सेंटरवर गाडी वर उचलून खालून धुऊन घ्या, आणि ती वर असतानाच मेकॅनिकला सस्पेन्शनचे बुश, ब्रेक पाइप दाखवून घ्या.