यार्देनेचे धोंडे आणि नाताळचे झाड

नाताळचा सण जवळ येऊ लागला की गोठ्याच्या देखाव्याविषयी सहसा कोणी शंका घेत नाही. परंतु नाताळच्या झाडाविषयी मात्र दरवर्षी कोणी ना कोणी धर्मशिक्षक प्रश्न उपस्थित करतोच. अलीकडे या प्रश्नाला एक नवे निमित्त मिळाले आहे. शहरांतील काही ख्रिस्ती कुटुंबे झाडावर बाजारातील चकचकीत गोळे लावण्याऐवजी आपल्या प्रवासांतून आणलेल्या वस्तू टांगू लागली आहेत. वेलांकणीहून आणलेले पदक, गोव्याच्या किनाऱ्यावरील शिंपला, बेथलेहेमात घेतलेला जैतुनाच्या लाकडाचा तारा, परदेशी असलेल्या मुलाने पाठविलेली किल्ल्यांची कडी, असे त्या वस्तूंचे स्वरूप असते. या प्रथेला ख्रिस्ती अर्थ आहे काय, की ती निव्वळ कौटुंबिक हौस, किंबहुना ऐपतीचे प्रदर्शन आहे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार सुरत शहराच्या संदर्भात करावयाचा आहे. सुरत हे शतकानुशतके प्रवाशांचे शहर आहे, आणि नेमका हाच प्रश्न पुढे ठेवणारा एक प्रवासी तेथील मातीत विसावला आहे.

झाड आणि त्यावरील वस्तू

प्रथम झाडाविषयी. यिर्मयाच्या दहाव्या अध्यायात रानातून झाड तोडून आणून ते सोन्यारुप्याने मढविण्याचा जो निषेध आहे, तो नाताळच्या झाडाला लावण्याचा प्रघात काही प्रवचनकारांत आहे. तो बरोबर नाही. संदेष्टा तेथे लाकडाची मूर्ती घडवून तिची पूजा करणाऱ्यांविषयी बोलत आहे. उलट पक्षी, मार्टिन ल्यूथरने पहिले झाड उजळले ही लोकप्रिय कथाही इतिहासाला धरून नाही. ल्यूथरच्या समकालीनांच्या लेखनात तिचा मागमूस नाही. ती प्रसृत झाली ती एकोणिसाव्या शतकात.

निश्चित पुरावा मिळतो तो १६०५ सालचा. स्ट्रासबर्ग येथील एका अनामिक प्रवाशाच्या टिपणात, तेथील लोक नाताळात घरांत देवदाराच्या जातीची झाडे उभी करतात आणि त्यांवर रंगीत कागदाची गुलाबफुले, सफरचंदे, पातळ पापडीसारख्या बिस्किटांच्या चकत्या, सोनेरी वर्ख व मिठाई टांगतात, अशी नोंद आहे. यातील सफरचंद विचार करण्यासारखे आहे. मध्ययुगात पाश्चात्त्य ख्रिस्तसभेत २४ डिसेंबर हा आदाम व हव्वा यांच्या स्मरणाचा दिवस मानला जाई आणि त्यांच्या पतनाच्या नाटकात फळे लावलेले हिरवे झाड रंगमंचावर असे. त्या झाडाची छाया पुढे घरातील झाडावर पडली असावी, असे अभ्यासक मानतात. पापाची आठवण देणारे फळ आणि पवित्र भाकरीची आठवण देणारी चकती एकाच फांदीवर आली, तर झाड स्वतःच धर्मशिक्षण देऊ लागते.

परंतु हा अर्थ टिकवावा लागतो. तो आपोआप टिकत नाही. स्ट्रासबर्गचेच धर्मपंडित योहान कोनराड डानहाउअर यांनी १६४० नंतरच्या दशकात प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रश्नोत्तरीच्या विवरणात तक्रार केली, की बाहुल्या व साखर टांगलेल्या या झाडापायी लोक देववचन मागे टाकू लागले आहेत. म्हणजे पहिल्या तपशीलवार नोंदीनंतर अर्ध्या शतकाच्या आतच अर्थ निसटून वस्तू उरल्या होत्या. पुढे १८४८ साली राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र लंडनच्या एका साप्ताहिकात छापले गेले आणि ही प्रथा इंग्रजी जगात सर्वत्र पसरली. रोममध्ये संत पेत्राच्या चौकात झाड उभे राहिले ते १९८२ साली, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या कारकिर्दीत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सुरूच्या फांदीने देवदाराची जागा घेतली. तात्पर्य, हे झाड स्वतःच एक प्रवासी आहे. त्याला शास्त्राची आज्ञा नाही आणि शास्त्राचा निषेधही नाही. त्यावर काय टांगले जाते आणि त्याविषयी काय सांगितले जाते, यावर त्याचे ख्रिस्तीपण अवलंबून आहे.

प्रवासाची खूण

प्रवासातून वस्तू आणून ती डोळ्यांसमोर ठेवणे ही मात्र झाडापेक्षा फार जुनी रीत आहे. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात इस्राएल लोक यार्देन ओलांडतात, तेव्हा प्रत्येक वंशाचा एक याप्रमाणे बारा पुरुष नदीच्या तळातून बारा धोंडे उचलून आणतात आणि ते गिलगाल येथे उभारले जातात. हेतू स्पष्ट सांगितला आहे: पुढे मुले विचारतील की या धोंड्यांचा अर्थ काय, आणि तेव्हा वडिलांनी त्यांना देवाची करणी सांगावी. येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. धोंडा कवडीमोलाचा आहे. प्रत्येक वंशाचा वाटा त्यात आहे, कोणीही वगळलेला नाही. आणि मूल विचारील व वडील उत्तर देतील हे गृहीत धरल्याखेरीज त्या खुणेला पूर्णता नाही.

ख्रिस्ती यात्रेकरूंनी हीच रीत पुढे चालविली. चौथ्या शतकाच्या अखेरीस पवित्र भूमीची यात्रा करणाऱ्या एगेरिया या स्त्रीने लिहून ठेवले आहे, की सिनाय पर्वतावरील संन्याशांनी तिला निरोप देताना तेथे पिकलेली फळे दिली. अशा भेटीला त्या काळी ‘आशीर्वाद’ याच अर्थाचा ग्रीक शब्द होता. पुढील काळात याकोबाच्या कबरीकडे स्पेनमध्ये जाणारे यात्रेकरू शिंपला घेऊन परतत आणि यरुशलेमहून येणारे खजुरीची फांदी. वस्तूचे मोल तिच्या किमतीत नव्हते. जेथे देवाने कृपा केली त्या स्थळाशी तिचा स्पर्श होता, यात होते.

सुरतेत विसावलेला प्रवासी

आता सुरतेकडे वळू. मक्केच्या यात्रेकरूंची जहाजे येथूनच सुटत, म्हणून या बंदराला मक्केचे द्वार म्हणत. इंग्रजांची वखार येथे १६१३ च्या सुमारास स्थिरावली, डचांची त्यानंतर लवकरच. आर्मेनियन ख्रिस्ती व्यापारीही येथे राहत. या गजबजाटात १६१७ च्या अखेरीस टॉमस कोरियट नावाचा एक इंग्रज पायी चालत येऊन पोहोचला.

कोरियट हा सॉमरसेट परगण्यातील ऑडकोम या खेड्याच्या धर्मगुरूचा मुलगा. १६०८ साली तो व्हेनिसपर्यंत जाऊन बव्हंशी पायी परत आला, आणि ज्या जोड्यांनी ती वाट तुडविली ते जोडे त्याने गावच्या चर्चमध्ये टांगले. प्रवासाची खूण मंदिरात टांगण्याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. १६१२ साली तो पुन्हा निघाला. कॉन्स्टँटिनोपल, यरुशलेम व अलेप्पो करून तो इराणमार्गे १६१५ मध्ये अजमेरला जहांगीर बादशहाच्या छावणीपर्यंत चालत आला. इंग्रज वकील सर टॉमस रो याचा धर्मगुरू एडवर्ड टेरी हा मांडू येथे त्याच्या सहवासात होता आणि त्याने कोरियटची हकीकत लिहून ठेवली आहे.

टेरी सांगतो, की कोरियटने यरुशलेममध्ये आपल्या मनगटांवर क्रूसाची चिन्हे गोंदवून घेतली होती, आणि त्यांसोबत मार्ग, सत्य व जीवन या अर्थाचे तीन लॅटिन शब्द होते. ही चिन्हे तो मोठ्या अभिमानाने न्याहाळी आणि प्रभू येशूच्या खुणा आपण देहावर धारण करतो हे संत पौलाचे उद्गार स्वतःला लावी. टेरीने यावर मार्मिक शेरा मारला आहे: प्रेषिताचा अभिप्राय याहून फार निराळा होता. पौलाच्या खुणा ख्रिस्तासाठी सोसलेल्या माराच्या होत्या. कोरियटच्या खुणा मी कोठे जाऊन आलो हे सांगणाऱ्या होत्या.

एकाच माणसाच्या या दोन खुणांत आपल्या प्रश्नाचे उत्तर दडले आहे. परमेश्वराने मला सुखरूप परत आणले असे जोडे म्हणू शकतात. मी यरुशलेम पाहिले, एवढेच मनगट म्हणते. टांगलेल्या वस्तूच्या वाक्याचा कर्ता कोण, देव की मी, हे पाहिले पाहिजे.

डिसेंबर १६१७ मध्ये, ख्रिस्तजन्माच्या महिन्यातच, कोरियट सुरतेत आजाराने मरण पावला. सुवाळीच्या किनाऱ्याजवळ राजगरी गावी एक घुमटी परंपरेने त्याची समाधी म्हणून दाखविली जाते. या दुसऱ्या प्रवासाचे जोडे ऑडकोमला टांगण्यासाठी परतले नाहीत.

घुमट आणि झोपडी

सुरतेच्या जुन्या दफनभूमी पाहिल्या म्हणजे खुणेचे प्रदर्शन कसे होते, हेही कळते. १६५९ साली वारलेला क्रिस्टोफर ऑक्सेंडन व १६६९ साली वारलेला त्याचा भाऊ सर जॉर्ज यांच्या कबरींवर दुमजली घुमट आहे. १६९१ मध्ये वारलेल्या व्हान रीड या डच अधिकाऱ्याची कबर त्याहूनही भव्य. इंग्रज व डच यांनी थडग्यांच्या उंचीतही परस्परांशी स्पर्धा केली, असे म्हटले जाते.

याच शतकात फादर अँब्रोझ हे फ्रेंच कॅपुचिन धर्मगुरू सुरतेत राहत होते. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा त्यांनी या पाद्र्यांच्या घराला धक्का लावू दिला नाही, कारण ही माणसे सज्जन आहेत असे त्यांचे मत होते, असे फ्रान्स्वा बर्निये हा प्रवासी लिहितो. एका मृत हिंदू दलालाचे घरही तो दानशूर होता म्हणून वाचले, असेही तो नोंदवितो. घुमट उभारणाऱ्यांच्या कीर्तीपेक्षा या दोन घरांची कीर्ती मराठी वाचकाला अधिक जवळची वाटेल. तिला घुमटाचा आधार लागला नाही.

आजच्या सुरतेत मराठी भाषा बोलणारे असंख्य लोक आहेत. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून तापी खोऱ्याच्या रेल्वेने आलेली कुटुंबे यंत्रमागांवर व कापडाच्या गिरण्यांत राबली. त्यांचाही प्रवास प्रवासच आहे. परंतु ज्या झाडावर केवळ सहलीच्या वस्तू शोभतात, त्या झाडावर त्यांना जागा नसते. धर्मगुरूची खरी काळजी येथे असावयास हवी. एका घरी दहा देशांच्या खुणा आणि शेजारच्या घरी एकही नाही, असे चित्र मुलांच्या मनावर ठसले, तर गिलगालचे बारा धोंडे उधळले गेले असे समजावे.

धर्मशिक्षकांसाठी

म्हणून ही प्रथा मोडून काढू नये. तिला वळण लावावे. पहिली गोष्ट, ज्या वस्तूची कथा सांगता येत नाही ती टांगू नये. मुलाने विचारावे व आजीने सांगावे, हाच या सजावटीचा गाभा. दुसरी, कष्टाच्या प्रवासाला मानाची फांदी द्यावी. नंदुरबारहून उधन्याला प्रथम आलो तेव्हाचे जपून ठेवलेले तिकीट बेथलेहेमच्या ताऱ्यापेक्षा उणे नाही. नासरेथहून बेथलेहेमला आणि पुढे मिसरास गेलेले पवित्र कुटुंबही सहलीला निघाले नव्हते. तिसरी, जे प्रवासातून परतले नाहीत त्यांच्या नावाची एक साधी चिठ्ठी झाडावर असावी आणि सणाच्या रात्री त्यांच्यासाठी प्रार्थना व्हावी. चौथी, लोकभक्तीविषयी २००१ साली रोमहून प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेने नाताळच्या झाडाखालील भेटींत गरिबांसाठीही भेट असावी असे सांगितले आहे. तिचे पालन व्हावे.

आणि खूण हीच पूजेची वस्तू होऊ लागली, तर हिज्कीया राजाचे स्मरण करावे. मोशेने रानात उंचावलेला पितळी सर्प ही देवाच्या कृपेचीच खूण होती. लोक तिला धूप जाळू लागले तेव्हा राजाने ती फोडून टाकली.

प्रभुप्रकटनाच्या सणानंतर झाड उतरविले जाते. त्या दिवशी ज्या मागींचे आपण स्मरण करतो, ते शुभवर्तमानातील सर्वांत दूरचे प्रवासी होत. त्यांनी बेथलेहेमातून काही नेल्याचा उल्लेख मत्तयाने केलेला नाही. त्यांनी काय दिले तेवढेच त्याने लिहिले आहे. झाडावरील वस्तू पेटीत ठेवताना मुलांना हेही सांगावे, आणि झाडाखाली ठेवलेली गरिबांची भेट त्यांच्याच हातून पोहोचती करावी.