दिवाळीतला मातीचा किल्ला खरंच लढवता आला तर? मिनिएचर वॉरगेमिंग म्हणजे काय?

दिवाळीत माती कालवून किल्ला होतो, अळीव उगवतो, महाराज वर बसतात, पायऱ्यांवर मावळे उभे राहतात. पण त्या किल्ल्यावर कधी कोणी चालून येत नाही. चालून आलं, आणि निकाल कोणालाच आधी माहीत नसला, तर तो खेळ होतो. त्याचंच नाव मिनिएचर वॉरगेमिंग.

पट मोठं टेबल. त्यावर टेकड्या, झाडं, तटबंदी. दोन खेळाडू, दोन सैन्यं. बुद्धिबळासारखी घरं नसतात, टेपने मोजून चालायचं. समजा पायदळ एका फेरीत १५ सेंटीमीटर, घोडदळ २५, चढावर निम्मं. हाणामारीचा निकाल फाशांवर.

याची सुरुवात मुलांच्या खोलीत झाली नाही. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी असा युद्धखेळ स्वीकारला. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या लेखकाने घरात खेळायचे नियम पुस्तकात छापले. त्यात खेळण्यातल्या तोफांनी शिपाई पाडायचे! १९७१ चा ‘चेनमेल’ खास मध्ययुगीन लढायांसाठी होता, त्यातूनच १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला.

बाजारातले मध्ययुगीन शिपाई म्हणजे बहुतेक चिलखतातले युरोपीय सरदार. आपले मातीचे मावळे गोड दिसतात, पण मापात नसतात. कित्येकदा मावळा दरवाजापेक्षा उंच! साधारण २८ मिलिमीटरचे शिपाई घेतले तर प्रमाण सुमारे साठास एक पडतं, म्हणजे ६ मीटरचा तट १० सेंटीमीटरचा. तो खोक्याच्या पुठ्ठ्याचा करा, वर फेविकॉलने चाळलेली माती चिकटवा. गवताला रंगवलेला लाकडाचा भुसा. झोपड्यांच्या छपराला बारीक कापलेली तणस, ती धानाच्या भंडारा जिल्ह्यात विकत घ्यावी लागत नाही.

किल्लाही जिल्ह्यातच आहे. तुमसर तालुक्यातला आंबागड. देवगडच्या बख्त बुलंदशाहच्या राजखान पठाण या सरदाराने तो १७०० च्या सुमारास बांधला, पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि तिथे कैदी ठेवले जाऊ लागले. कैद्यांना आतल्या विहिरीचं विषारी पाणी पाजत, असं ब्रिटिशकालीन गॅझेटियर सांगतं. (युरोपच्या हिशेबात १७०० म्हणजे मध्ययुग संपलेलं. आपल्याकडे मराठेशाहीलाही मध्ययुगीनच म्हणतात, त्यामुळे चालेल.)

वेढा मात्र जसाच्या तसा खेळू नका, कंटाळाल. जिंजीचा वेढा १६९० ते १६९८ चालला! टेबलावर एकच रात्र निवडतात: अचानक छापा, दरवाजावरचा हल्ला.

खरी अडचण वेगळीच. टेबलाच्या पलीकडे कोणीतरी मुघल होऊन बसावं लागतं, आणि फासे त्याच्याही बाजूने पडतात. काहींना हे रुचणार नाही. पण पलीकडून तटाकडे पाहिल्यावरच कळतं, की डोंगरावर घोडदळ किती निकामी ठरतं आणि मूठभर माणसं किल्ला कसा राखत.

आंबागडावर ही अडचणही टळते. एक काल्पनिक डाव मांडा: एकाकडे गडाचे पहारेकरी, दुसऱ्याकडे कैद्याला सोडवायला आलेली वीस माणसं. आठ फेऱ्यांत कैदी तटाबाहेर आला नाही, तर पहारेकरी जिंकले.