पोर्टर आणि स्टाऊट : हमालांच्या पेल्यापासून बंगळूरच्या छावणीपर्यंत

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मद्याचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उद्भवेल. तो रास्तच आहे. मद्याची भलामण करणे हा आमचा हेतू नव्हे. परंतु ज्या नगरीत आपण दोन-तीन पिढ्या संसार केले, त्या नगरीच्या इतिहासात बिअरचे कारखाने हे एक ठळक प्रकरण आहे. शिवाय आमची सारी नोकरी करवसुलीच्या खात्यात गेली असल्यामुळे, कर मनुष्याच्या जिभेवरही कसे राज्य करतो, हे सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

अलीकडे बंगळुरात जागच्या जागी बिअर गाळणाऱ्या लहान मद्यशाळा पुष्कळ झाल्या आहेत. तेथील फलकांवर ‘पोर्टर’ आणि ‘स्टाऊट’ अशी दोन नावे दिसतात. दोन्ही काळ्या रंगाच्या बिअर. यांत भेद काय, असे आमच्या तरुण मंडळींना विचारले तर एक सांगतो, स्टाऊट अधिक कडू; दुसरा सांगतो, स्टाऊट अधिक जहाल. दोन्ही उत्तरे अर्धीच खरी आहेत. पूर्ण उत्तर इतिहासात शोधावे लागते.

पोर्टर म्हणजे हमाल. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या रस्त्यांवर आणि थेम्स नदीच्या धक्क्यांवर ओझी वाहणाऱ्या हजारो हमालांचे हे आवडते पेय, म्हणून त्यांचेच नाव त्यास पडले. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्याला ते स्वस्तात पोटभरीचे वाटे. आपल्या पुण्यात हमालांसाठी बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ उभी केली. लंडनच्या हमालाच्या वाट्याला मात्र पेला आला. हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

बिअरचे मूळ जवात. जव भिजवून मोड आणावयाचे, मग ते वाळवून भाजावयाचे; यालाच माल्ट म्हणतात. आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, त्याच जातीची ही क्रिया. भाजणी जितकी खरपूस, तितका रंग गडद. लंडनचा पोर्टर लाकडाच्या आचेवर भाजलेल्या तपकिरी माल्टचा असे, आणि प्रचंड लाकडी पिंपांत महिनोन् महिने मुरविला जाई. ही पिंपे किती मोठी होती, याचे दारुण प्रत्यंतर १७ ऑक्टोबर १८१४ रोजी आले. लंडनमधील म्यूक्स कंपनीच्या कारखान्यातील सुमारे २२ फूट उंचीचे पिंप फुटले आणि पोर्टरच्या लोंढ्याने शेजारच्या गरीब वस्तीतील आठ जणांचा बळी घेतला.

आता ‘स्टाऊट’ या शब्दाकडे वळू. मुळात हे नाव नव्हते, विशेषण होते. स्टाऊट म्हणजे दमदार, कडक. आपण ‘कडक चहा’ म्हणतो, तसा ‘स्टाऊट पोर्टर’ म्हणजे कडक पोर्टर. पुढे विशेष्य गळाले आणि विशेषणच नाव होऊन बसले. तात्पर्य, स्टाऊट हा पोर्टरचा प्रतिस्पर्धी नसून त्याचाच अपत्य होय.

या घराण्याचे रूप पालटले ते कराने आणि यंत्राने. अठराव्या शतकाच्या अखेरीस हायड्रोमीटर हे द्रवाची घनता मोजणारे उपकरण कारखानदारांच्या हाती आले. त्यातून असे उघड झाले, की तपकिरी माल्टपेक्षा फिक्या माल्टमधून अर्क पुष्कळच अधिक निघतो. त्याच सुमारास नेपोलियनशी चाललेल्या युद्धांच्या खर्चासाठी माल्टवरील कर वाढला होता. कर माल्टवर, तेव्हा थोड्या माल्टात अधिक काम भागविणे हेच शहाणपण ठरले. फिका माल्ट वापरला, पण पेय काळे कसे दिसावे? कोणी जळकी साखर घातली, कोणी नाना पदार्थांची भेसळ केली. १८१६ साली कायद्याने माल्ट आणि हॉप्सची फुले यांखेरीज इतर वस्तूंना मनाई केली. पुढच्याच वर्षी, १८१७ मध्ये, डॅनियल व्हीलर याने कॉफीच्या बियांप्रमाणे फिरत्या नळकांड्यात माल्ट काळाकुट्ट भाजण्याचे पेटंट घेतले. या माल्टची चिमूट टाकली की रंगही आला आणि कायदाही पाळला गेला. आज ज्या चवीला आपण काळ्या बिअरची चव म्हणतो, ती अशी करवसुली आणि काटकसर यांच्या झटापटीतून जन्मली.

डब्लिनच्या आर्थर गिनेसने १७५९ मध्ये कारखान्याची जागा वर्षाला ४५ पौंड भाड्याने, तब्बल ९००० वर्षांच्या कराराने घेतली. १७९९ पासून त्याने केवळ पोर्टरच गाळावयाचे ठरविले. पुढे त्याच्या वारसांचा कडक पोर्टर ‘स्टाऊट’ म्हणून जगभर गेला. १८८० मध्ये माल्टवरील कर उठल्यानंतर मोड न आणलेले जव भाजून वापरण्याचीही वाट मोकळी झाली. त्यातून येणारी कोरडी, कॉफीसारखी कडवट चव हीच पुढे स्टाऊटची खूण मानली गेली. पहिल्या महायुद्धात धान्यटंचाईमुळे ब्रिटिश बिअर पातळ झाली, पोर्टर मागे पडत गेला, आणि १९७४ साली गिनेसनेही तो बंद केला. बाप गेला, मुलगा उरला. पोर्टरचे पुनरुज्जीवन झाले ते त्यानंतर, लहान कारखानदारांच्या हौसेने. आज सामान्यतः पोर्टर काहीसा गोडसर, चॉकलेटच्या वळणाचा आणि स्टाऊट भाजक्या कडवटपणाचा, असा संकेत आहे. पण सीमारेषा पक्की नाही. गिनेसच्या पिंपातील स्टाऊटमध्ये मद्यार्क सुमारे ४.२ टक्के, तर श्रीलंकेच्या ‘लायन स्टाऊट’मध्ये ८ टक्क्यांहून अधिक. तेव्हा नावावरून जोर ओळखता येत नाही.

हे पेय हिंदुस्थानात आले ते फौजेबरोबर. साहेब लोक फिकी ‘पेल एल’ पीत. साधा गोरा शिपाई पोर्टर पिई. अरक पिऊन शिपाई मरतात, त्यापेक्षा बिअर बरी, असा सरकारचा हिशेब होता, आणि म्हणून निविदा मागवून पोर्टरची पिंपे विलायतेहून आणली जात. बंगळूरची छावणी १८०९ साली वसली. शहाजीराजांच्या जहागिरीचे जुने पेठेचे गाव एकीकडे आणि गोऱ्यांची छावणी दुसरीकडे, अशी दोन गावे शेजारी नांदू लागली. बर्फयंत्रांपूर्वी बिअर आंबविण्यास थंड हवा लागे. म्हणून कसौली, निलगिरी, नुवारा एलिया अशा डोंगराळ ठिकाणी कारखाने निघाले; तीन हजार फूट उंचीच्या बंगळुरासही ते मानवले. आपल्या खडकीच्या छावणीजवळही मीकिन कंपनीचा कारखाना होता. १९१५ साली थॉमस लीशमन या स्कॉटिश गृहस्थाने दक्षिणेतील पाच कारखाने एकत्र करून ‘युनायटेड ब्रुअरीज’ स्थापिली. त्यांतील सर्वांत जुना ‘कॅसल’ १८५७ चा. बैलगाड्यांवर लादलेली तिची पिंपे पलटणींकडे जात. १९४७ मध्ये विठ्ठल मल्ल्या तिचे पहिले भारतीय संचालक झाले. गोरी पलटण गेली, शीतकपाट आले, आणि देशभर फिकी, थंडगार लागर बिअर रूढ झाली. आज काळी बिअर बंगळुरात परतली आहे ती शिपायांसाठी नव्हे, तर सुशिक्षित नोकरदार तरुणांसाठी.

येथे आणखी एक हिशेब मांडला पाहिजे. मद्यावरील महसूल हा परकीय सरकारचा मोठा आधार होता. १८८० मध्ये जोतीराव फुल्यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना दारूच्या नव्या दुकानांस विरोध केला. १९०८ मध्ये लोकमान्यांच्या प्रेरणेने पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधन झाले. दोघांचे सामाजिक विचार भिन्न, पण गरिबाच्या घामाचा पैसा गुत्त्यात आणि तेथून खजिन्यात जातो, हे दोघांनी ओळखले होते. आज मद्यावरील कर राज्यसूचीत आहे, तर राज्यघटनेचे ४७ वे कलम मद्यबंदीचा आदर्श सांगते. आदर्श आणि उत्पन्न यांची ही ओढाताण आजही चालूच आहे.

आमच्या मंडळातील कित्येक घरांत आज वडील पेल्याकडे पाहतही नाहीत आणि मुलगा मात्र पोर्टर-स्टाऊटचा भेद समजावून सांगतो. उभयतांत अबोला धरण्यापेक्षा संवाद व्हावा, एवढीच आमची इच्छा. ज्येष्ठांनी हे जाणावे, की प्रत्येक पेल्यामागे विद्या आणि इतिहास असतो; आणि तरुणांनी हे विसरू नये, की या काळ्या पेयाचे नाव ज्या हमालांवरून पडले, त्यांच्या पाठीवरचे ओझे त्या पेयाने कधी हलके केले नाही.