रशियन फ्लू (१९७७)

इन्फ्लुएंझाच्या एच१एन१ विषाणूची, सुमारे २० वर्षांच्या खंडानंतर आलेली जागतिक साथ. मे १९७७ मध्ये ती चीनमध्ये आढळली. नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत संघात पोहोचली आणि तिला रशियाचे नाव चिकटले. १९५७ च्या एच२एन२ साथीनंतर एच१एन१ माणसांतून नाहीसा झाला होता. त्यामुळे मुख्यतः पंचविशीच्या आतले आजारी पडले. थोरांना जुन्या संसर्गाचे संरक्षण होते.

वाद उगमाचा आहे. विषाणुतज्ज्ञ पीटर पालेसी व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवले, की हा विषाणू १९५० च्या सुमाराच्या वाणांशी विलक्षण जुळतो. माणसांत फिरत राहिलेला इन्फ्लुएंझा विषाणू एवढ्या काळात बराच बदलला असता. तेव्हा हा कुठेतरी गोठलेला असला पाहिजे. निसर्गात, बर्फात तो टिकला असेल ही कल्पना ओढूनताणून आणलेली वाटते. उरतात प्रयोगशाळेतील अपघात आणि जिवंत विषाणू वापरून केलेली लसचाचणी. पहिली शक्यता चिनी व सोव्हिएत शास्त्रज्ञांनी नाकारली. दुसरीला चिनी विषाणुतज्ज्ञ चू ची-मिंग यांच्या खासगी कथनाचा आधार आहे. पालेसी यांनी ते २००४ मध्ये नोंदवले. पुरावा म्हणून हा आधार अर्थातच तोकडा आहे. या विषाणूचे वंशज २००९ पर्यंत माणसांत फिरत होते. त्यानंतर स्वाइन फ्लूच्या नव्या एच१एन१ ने त्यांची जागा घेतली.